बोटभर जाड कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे, अ‍ॅल्युमिनियमची. मला पाहून कुणी ‘भोक पडलेलं झाकण’ म्हणतं. म्हणोत बापडे! माझ्या एका अंगाला कॅमेरा, दुसऱ्या अंगाला दुर्बिणीची नळी. दोघांना जोडायचं आणि मधून उजेड जाऊ द्यायचा, एवढंच माझं काम.

दुर्बीण होती बाईंची. शाळेत भूगोल शिकवता शिकवता त्यांनी गच्चीवर कितीतरी मुलांना चंद्र दाखवला होता. कॅमेरा त्यांच्या नवऱ्याचा. गल्लीत त्यांना सगळे फोटोवाले म्हणत. जन्मभर त्यांनी लोकांना ‘हनुवटी थोडी वर’ सांगितलं, पण स्वतः मान वर करून आभाळ कधी पाहिलं नाही. मग बाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि गच्चीचा जिना त्यांना बंद झाला. नेमका तेव्हाच सूर्यास्तानंतर एक धूमकेतू दिसू लागला. तरुणपणापासून बाई त्याची वाट पाहत होत्या. थोड्याच संध्याकाळी तो दिसणार होता, नंतर त्यांच्या हयातीत पुन्हा नाही.

“अहो, मला वर जाता येत नाही, तर त्याला खाली आणा,” बाई म्हणाल्या.

दुर्बिणीतून फोटो काढायचा तर कॅमेरा तिला जोडायला कडी हवी, म्हणून फोटोवाल्यांनी मेहुण्याला गाठलं. बाईंचा हा धाकटा भाऊ कारखान्यात लेथ चालवायचा. त्यानेच मला कातलं, माझे आटे पाडले, कडा घासून गुळगुळीत केल्या. “भावोजी, चांगली बोटभर जाड केलीय,” तो म्हणाला. “ताईची दुर्बीण काय, तुमचा कॅमेरा काय, पडता कामा नये.” सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मीही फुशारले.

संध्याकाळी फोटोवाल्यांनी कॅमेऱ्याची लेन्स काढून तिथे मला बसवलं आणि दुर्बिणीला जोडलं. पडद्यावर धूमकेतू आला, पण पिंजलेल्या कापसासारखा. चित्र स्पष्ट करायला त्यांनी दुर्बिणीची चाकी फिरवली. नळी आत आत सरकली, चित्र आवळत आलं आणि चाकी अडली. नळी अजून जराशी आत जायला हवी होती. कॅमेरा माझ्या जाडीपायी लांब पडत होता. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या गच्चीवर खाल्ला.

फोटोवाल्यांनी काचा पुसल्या, चष्मा पुसला, स्वतःच्या वयाला दोष दिला. मला मात्र कुणीच बोल लावला नाही. मित्रांनो, त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

“अडतंय कुठे?” बाई खालून विचारायच्या.

“काही नाही गं, वारा आहे. तू पडून राहा.”

तिला कशाला घोर, असं त्यांना वाटे. रोज धूमकेतू थोडा खाली उतरलेला असे, रोज चाकी तिथेच अडे, आणि रोज ते हसरा चेहरा करून जिना उतरत. एका संध्याकाळी धूमकेतू दिसलाच नाही. तेव्हा कुठे ते बाईंच्या उशाशी बसून खरं बोलले.

“चाकी अडते?” बाई ताडकन म्हणाल्या. “अहो, मग कडी जाड झालीय! पातळ करून घ्यायची. एवढंच होतं... मला विचारायचंत तरी!”

हे कळताच भावाचा चेहरा पडला. त्याने मला पुन्हा लेथवर चढवलं आणि निम्मी केली. वरातीमागून घोडं! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटोवाल्यांनी चंद्राचा फोटो काढला. खड्डा न् खड्डा स्पष्ट. बाईंनी तो पुष्कळ वेळ पाहिला.

“सुरेख आलाय,” त्या म्हणाल्या. “पण चंद्र मी पाहिला होता हो.”

आता मी पातळ आहे आणि कॅमेरा आजवर एकदाही पडलेला नाही. मित्रांनो, कुणाला जपायचं असेल तर आधी त्याच माणसाला विचारा. बाईंना उत्तर ठाऊक होतं, आणि त्या फक्त एक जिना खाली होत्या.