बाबांसाठी वकील

दिव्या रहाटेला कुठलीही वस्तू पहिल्याच दुकानातून घेता येत नसे. घरात फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा तिने भाईंदर पूर्वेपासून मीरा रोडपर्यंतची सगळी दुकानं पालथी घातली होती, आणि फ्रीज घरात आला तोवर उन्हाळा संपून गेला होता. तिची आई सुलू म्हणायची, "हिचं लग्न ठरवताना बिचाऱ्या मुलांचं काय होणार, देव जाणे." त्यामुळे बाबांसाठी वकील शोधायची वेळ आली, तेव्हा ते काम कुणी न सांगता तिच्याकडे आलं.

बाबा म्हणजे दत्ताराम रहाटे. संगमेश्वराकडून तरुणपणी आले आणि भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात चिकटले ते कायमचेच. पॉवर प्रेस चालवायचे. पत्र्याची गोल चकती ठेवायची, वरून प्रेसचा दणका बसला की खाली डबा तयार. हात आत जाऊ नये म्हणून या प्रेसला पुढे जाळी असते. पण जाळी असली की काम जरा सावकाश होतं. मागणी वाढली तशी सुपरवायझरने जाळ्या काढून ठेवायला लावल्या, आणि एका दुपारी शेजारच्या प्रेसवरच्या स्वप्नीलची बोटं आत चेपली.

चौकशीला सरकारी इन्स्पेक्टर आले. त्यांनी एकेकाला विचारलं, जाळी होती का? सगळे म्हणाले, होती साहेब, त्यानेच काढली असेल. बाबांची पाळी आली. बाबा म्हणाले, "नव्हती. दिवाळीपासून नाहीये. माझ्याही प्रेसला नाहीये, बघा."

शिमग्याला गावी जाऊन परत आले तर हातात बदलीचं पत्र. सिल्वासाच्या गोदामात तातडीने माणूस हवाय, ताबडतोब हजर व्हा.

बाबांनी ते पत्र टीव्हीशेजारी ठेवलं आणि जेवायला बसले. ते एरवीही फारसे बोलत नसत. दिव्याने पत्र वाचलं आणि तिचं डोकं फिरलं.

"ही शिक्षा आहे, बाबा. सरळसरळ शिक्षा! आपण वकील करायचा."

"अगो, कंपनीशी भांडून कोण जिंकलंय?" आई म्हणाली. "जातील थोडे दिवस. दर रविवारी येतील घरी."

बाबा एवढंच म्हणाले, "मी खोटं बोललो असतो तर इथेच राहिलो असतो."

आईने मग ताटं उचलायला घेतली.

दिव्या अंधेरीला एका विम्याच्या ऑफिसात होती. जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइल घेऊन बसू लागली. कामगारांच्या केसेस बघणारे वकील ठाण्यात होते, वसईत होते, बोरिवलीला होते, मीरा रोडलाही होते. कुणाला किती तारे, कुणाचं ऑफिस किती जुनं, कोण पहिल्या भेटीची फी घेतं, कोण घेत नाही, सगळं तिने शोधून काढलं. तिच्या हिशेबात पहिला नंबर लागला ठाण्याच्या एका मोठ्या फर्मचा. साडेचार तारे आणि पाट्यांवर मावणार नाहीत इतके वकील. बाबांची रजा शिल्लक होती, ती त्यांनी टाकली, आणि शनिवारी दोघं काशीमिऱ्याहून घोडबंदर रोडच्या बसने ठाण्याला निघाले.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. घोडबंदरची खाडी दिसली तसे म्हणाले, "आम्ही नवीन होतो ना, तेव्हा इथे किल्ल्यावर यायचो. सुट्टीच्या दिवशी. मी आणि कारखान्यातला राघो. भजी बांधून आणायचो."

दिव्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं. ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. "मग? वर जाऊन काय करायचात?"

"काय करणार? झोपायचो," बाबा म्हणाले आणि हसले.

फर्मचं ऑफिस काचेचं होतं. थंडगार. बाबांनी दारातच चपला काढल्या, दिव्याने डोळ्यांनी खुणावल्यावर पुन्हा घातल्या. त्यांना भेटायला साईराज नावाचा तरुण वकील आला. त्याने पत्र वाचलं, चहा-पाणी विचारलं आणि जरा वेळाने म्हणाला, "काका, मी तुम्हाला खरं सांगू का? आमच्याकडे बहुतेक कंपन्याच येतात. कामगाराची केस आम्ही अगदी क्वचित घेतो. घेतलीच तरी माझ्यासारख्या नवख्याकडे येईल."

"पण तुमच्या साइटवर तर लिहिलंय, कामगार कायद्याचे तज्ज्ञ," दिव्या म्हणाली.

"आहोतच ना. पण कोणाच्या बाजूने, ते लिहिलेलं नाहीये," तो हळूच म्हणाला. "पुढे जिथे जाल तिथे पहिला प्रश्न हाच विचारा. नेहमी तुम्ही कोणाकडून उभे राहता?"

परतताना दिव्याचा चेहरा पडला होता. एवढा शोध घेऊन पहिलाच नंबर फुकट गेला. बाबा मात्र खुशीत होते. "भला मुलगा होता," ते म्हणाले. "चहा विचारला त्याने. चल, मिसळ खाऊ." तीन हात नाक्याजवळ दोघांनी मिसळ खाल्ली. बाबांनी दुसऱ्यांदा तर्री मागितली आणि आईला सांगू नकोस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वसई. तिथले वकील यतीनभाई नेहमी कामगारांकडूनच उभे राहत, ते फोनवरच विचारून घेतलं होतं. ऑफिसात माणसांची ही गर्दी. यतीनभाईंनी पत्रावर नजर फिरवली आणि दिव्याकडे बघून म्हणाले, "शंभर टक्के केस आपली. वडिलांना सांगा, कामावर पाय ठेवायचा नाही. घरी बसा. कंपनी गुडघ्यावर येईल. नाहीतर राजीनामा देऊ, भरपाईला खेचू. बघा मग मजा."

"पण त्यांना कामावर परत जायचंय," दिव्या म्हणाली.

"या वयात? कशाला? आराम करू द्या की वडिलांना."

वडील समोरच बसले होते, पण बोलणं सगळं दिव्याशी चाललं होतं. तरी तिला तो आवेश आवडला. कुणीतरी आपल्यासारखंच चिडलंय, याचं तिला बरं वाटलं. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "हेच ठीक आहेत, बाबा. शंभर टक्के म्हणाले."

बाबा रिक्षाची वाट बघत उभे होते. "दिव्या, गावची देवीसुद्धा कौल द्यायला वेळ घेते. उजवा लागेल की डावा, गुरवाला ठाऊक नसतं. हा माणूस पत्र पुरतं न वाचता शंभर टक्के म्हणाला."

"मग तुम्हाला कसा वकील हवाय?"

बाबांनी विचार केला. "माझ्याशी बोलेल असा," ते म्हणाले.

दिव्याला एकदम लाजल्यासारखं झालं. इतके दिवस ती वकील निवडत होती, आणि ज्याच्यासाठी निवडत होती त्यालाच विचारायचं राहून गेलं होतं.

मीरा रोडचं नाव तिच्या हिशेबात तळाला होतं. तारे कुणी दिलेच नव्हते. स्टेशनपासून चालत, फरसाणच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एक खोली आणि एक गॅलरी. पाटीवर नाव, ॲड. जेनिटा डिमेलो. बाई फोनवर आईशी बोलत होत्या. उत्तनजवळच्या चौक गावच्या, घरची होडी. "न्हाय गो आई, आज न्हाय यायला जमत. बोंबील ठेव माझ्यासाठी," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि खुर्ची थेट बाबांकडे वळवली.

"हां काका, बोला. सुरुवातीपासून सांगा."

दिव्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बाबांनी सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग न थांबता. प्रेस कसं चालतं, जाळी कुठे बसते, स्वप्नील कसा ओरडला, रिक्षात त्याचा हात वर धरून ते स्वतः कसे बसले होते. इन्स्पेक्टरला उत्तर देताना सुपरवायझर समोर उभा होता. दिव्याने यातलं अर्धंही ऐकलं नव्हतं. डिमेलोबाई मधेमधे विचारत होत्या. सिल्वासाला प्रेस आहे का? तिथे काम काय? आधी कुणाला पाठवलंय का?

"प्रेस असेल असं वाटत नाही, पण मी कुठे बघितलंय?" बाबा म्हणाले.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "काका, तुमची बाजू खरी आहे. पण खरी बाजू कोर्टात आपोआप उभी राहत नाही. जिंकूच असं मी सांगणार नाही. आणि एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही सिल्वासाला जा."

"काय?" दिव्या जवळजवळ उठलीच. "आम्ही बदली थांबवायला आलोय, मॅडम!"

"थांबवायचीच आहे. पण हे घरी बसले तर कंपनी म्हणेल, हुकूम मोडला, कामावर गैरहजर. मूळ गोष्ट राहील बाजूला आणि आपण ती गैरहजेरीच निस्तरत बसू. त्यापेक्षा लिहून द्यायचं की ही बदली मला मान्य नाही, तरी हजर होतोय. आणि जायचं. तिकडे डोळे उघडे ठेवायचे. मी इकडे अर्ज टाकते."

घरी येईस्तोवर दिव्या धुमसत होती. "हे हरल्यासारखंच झालं. वसईवाले निदान लढा तरी म्हणाले."

"ती बाईपण लढच म्हणते," बाबा म्हणाले. "फक्त घरी बसून लढू नको म्हणते. मला पटलं."

"आणि मला नाही पटलं तर?"

बाबा तिच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "तुला तुझा वकील करायचा असेल तेव्हा तुझ्या मनाप्रमाणे कर."

आई स्वयंपाकघरातून जोरात हसली, आणि मग दिव्यालाही हसू आवरेना.

बाबा सिल्वासाला गेले. आईने बरोबर कोकम, सुकट आणि मेतकूट दिलं. घर रिकामं वाटू लागलं. पण एक नवीनच गोष्ट सुरू झाली. बाबा रोज संध्याकाळी दिव्याला फोन करू लागले. आधी कोर्टाच्या कामासाठी, म्हणून. आज गोदामात काय केलं? काही नाही. काल? काही नाही. तिथे रिकामे खोके होते, एक वॉचमन होता आणि एक खुर्ची. प्रेस नव्हतंच. बाबांना बसायला सांगितलं होतं, ते बसत होते. मग बोलणं दुसरीकडेच वळे. वॉचमन त्यांना गुजराती शिकवत होता. तिथल्या डाळीत साखर घालतात, ती आता त्यांना आवडायला लागली होती. आईला सांगू नकोस.

तारखा पडल्या, पुढे ढकलल्या गेल्या. एकदा कंपनीचे वकीलच आले नाहीत. दिव्या चिडायची, डिमेलोबाई म्हणायच्या, "अगं, असंच असतं. मासळी मिळेपर्यंत जाळं ओढायचं." शेवटी ठाण्याच्या कोर्टात सुनावणी झाली त्या दिवशी दिव्या रजा टाकून गेली होती. कंपनीच्या वकिलांनी सांगितलं की सिल्वासाला अनुभवी प्रेस ऑपरेटरची निकड होती, म्हणून बदली.

न्यायाधीशांनी बाबांना विचारलं, "तिथे तुम्ही काय काम केलंत?"

बाबा उभे राहिले. शर्ट इस्त्रीचा, हात मागे बांधलेले. "साहेब, खुर्ची सांभाळली."

कुणीतरी खुसखुसलं. न्यायाधीशही क्षणभर खाली बघत राहिले. "आणि प्रेस?"

"प्रेस तिथे नाहीच, साहेब. वीज आहे ती दोन दिव्यांपुरती. प्रेस लावलं तर गोदामाचे दिवे जातील."

डिमेलोबाईंनी यावर फार काही जोडलं नाही. इन्स्पेक्टरपुढच्या जबाबाचा दिवस आणि बदलीच्या पत्राचा दिवस, दोन्ही शेजारी ठेवले आणि खाली बसल्या. बाबा घरी बसले असते तर हे कोण सांगणार होतं, हे दिव्याला तिथे बाकावर बसल्याबसल्या कळलं. तिने बाईंकडे पाहिलं. त्या पुढच्या कामाचे कागद काढत होत्या.

बदलीला स्थगिती मिळाली. पुढे कंपनीने केस लांबवण्यापेक्षा पत्रच मागे घेतलं. श्रावण लागायच्या आत बाबा परत आपल्या प्रेसवर उभे होते. सगळ्या प्रेसना जाळ्या बसल्या होत्या. सुपरवायझर बोलत नव्हता, पण बाबांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. स्वप्नीलला पॅकिंगमध्ये काम मिळालं. पहिल्या दिवशी त्याने बाबांच्या डब्यात आपल्या घरची पुरणपोळी ठेवली, आणि बाबा ती न खाता घरी घेऊन आले, सगळ्यांनी तुकडा तुकडा खाल्ला.

एका रविवारी राघोकाका आले. ते आता दुसऱ्या कारखान्यात होते, आणि तिथे त्यांना काही कारण न सांगता रात्रपाळीला टाकलं होतं. "दिव्या, तू म्हणे सगळे वकील बघितलेस," ते म्हणाले. "मला सांग कोण चांगला."

दिव्या सांगायला पुढे झाली, तोच बाबांनी खुर्ची ओढली. "बस, मी सांगतो," ते म्हणाले. आणि बोलायला लागले. ठाण्याचे कसे, वसईचे कसे, मीरा रोडच्या बाई कशा. वसईवाल्यांनाही त्यांनी नावं ठेवली नाहीत. "ज्याला नोकरी सोडायचीच आहे त्याला तो माणूस बरा," म्हणाले. "तुला काय हवंय ते आधी घरून ठरवून जा. आणि जो तुला न आवडणारं सांगेल, त्याचं पुरतं ऐकून घे."

दिव्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. आई चहात आलं किसत होती. "बघ, तोंड कसं चालतंय," ती पुटपुटली. "एवढी वर्षं कुठे ठेवलं होतं, कोण जाणे."

"आणि एकटा जाऊ नको," बाबा बाहेर राघोकाकांना सांगत होते. "घरातल्या कुणाला तरी घेऊन जा. काम होईल, न होईल. रस्त्यात बोलणं होतं."