मधली भिंत

या बाजूला

ठोक. ठोक. ठोक-ठोक.

प्रत्येक ठोक्याला मधली भिंत थरथरायची, तिला टेकलेलं शिलाई मशीन थरथरायचं आणि थोरलीची शिलाई वाकडी जायची. पलीकडे धाकट्या जावेच्या घरावर नवं छप्पर चढत होतं. फुकट. वस्तीतली मंडळी, एक बँक आणि एक संस्था अशा तिघांनी मिळून गरजूंची घरं दुरुस्त करायला घेतली होती. आणि अख्ख्या वस्तीत गरजू कोण सापडलं? धाकटी.

घर एकच. सासऱ्यांनी मधे भिंत घालून दोन मुलांना वाटून दिलेलं. पाऊस मात्र वाटणी मानत नव्हता. थोरलीकडे तो नेमका मशीनवर गळायचा. परवाच गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या झग्यावर पिवळा ओघळ उतरला. आणखी एक झगा असा गेला की गिऱ्हाइकं गेली, आणि मग घर चालणार कशावर?

त्या बाजूला (थोरली अजून गेलेली नाही, पण तिला सगळं पाठ आहे)

पत्रे हिरवे. खिडकीही नवी म्हणे. म्हणे कशाला, आहेच.

पुन्हा या बाजूला, पण महिनाभर मागे

कोणाचं घर दुरुस्त करायचं ते ठरवायला संस्थेच्या इंजिनियरबाई येणार होत्या. थोरलीने भिंतीवरची ओल घासली, वर चुना मारला. तरी डाग दिसतच होता! मग कपाट ओढून त्यावर उभं केलं. चार माणसं येणार म्हटल्यावर घर नीट नको? ठेवणीतले कप काढले.

"किती छान ठेवलंय हो घर," चहा घेताना बाई म्हणाल्या. थोरली दिवसभर हवेत.

धाकटीकडे खोलीच्या मधोमध बादली. टप, टप.

"अगं, बाई यायच्या आधी निदान बादली तरी उचलायचीस," थोरली नंतर म्हणाली.

"मग पाणी कशात पडलं असतं, जाऊबाई?"

आज

ठोके थांबले. दारात धाकटी, मागे इंजिनियरबाई.

"जाऊबाई, ते कपाट जरा सरकवू या."

"कशाला?"

"मी बाईंना मागच्या ओलीचं सांगितलंय."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. छप्पर हिचं, खिडकी हिची, आणि आता उपकारही हिनेच करायचे.

"माझ्याकडे काही गळत नाही," ती म्हणाली.

"बरं," म्हणून बाई वळल्या. धाकटी मात्र हलली नाही. ती थोरलीकडेही बघत नव्हती; मशीनवर पसरलेल्या प्लास्टिककडे बघत होती, आणि त्यावर साचलेल्या पाण्याकडे.

"थांबा," थोरली म्हणाली. स्वतःचा आवाज तिला अजिबात आवडला नाही.

कपाट एका बाजूने थोरलीने ढकललं, दुसऱ्या बाजूने धाकटीने ओढलं. ते निघालं ते चुन्याचे पोपडे घेऊनच. बाईंनी भिंतीला बोट लावलं, तर बोट आत गेलं.

"हे त्या दिवशीच दाखवायचं ना," बाई म्हणाल्या. "मिस्त्री इथेच आहेत. वस्ती, बँक, संस्था, तिघांना विचारावं लागेल, पण ही भिंत बघून कोणी नाही म्हणणार नाही."

धाकटी केरसुणी घेऊन पोपडे गोळा करायला लागली. थोरलीने तिच्या हातातून केरसुणी काढून घेतली.

"पत्रे हिरवेच का?" तिने बाईंना विचारलं.

"हिरवे शिल्लक आहेत."

"दुसरा रंग बघा की," थोरली केर काढता काढता म्हणाली. "हिच्यापेक्षा जरा बरा."