माझी तीन अंशांची खोड

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे. माझ्यात अंडी नव्हे, माणसांच्या पेशी उबेला ठेवतात. नवा होतो तेव्हा लोक मला मुद्दाम बघायला येत. पुढे मला एक खोड जडली. बाहेर आकडा चौतीस दिसतो, तेव्हा आत सदतीस अंश असतात. पेशींना सदतीसच लागतात.

प्रयोगशाळेतल्या बाईंना हे ठाऊक होतं. मला चौतीसवर ठेवून त्या म्हणत, "म्हातारा तीन अंश लपवतो, पण काम चोख करतो."

शेवटी त्यांनी एका सात वर्षांच्या मुलीच्या पेशी तीन बशांत ठेवल्या. तिच्या फुप्फुसांना एक प्रथिन हवं होतं. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. तिच्या पेशींतल्या सूचनेत मध्येच चुकून 'थांब' अशी खूण होती, म्हणून माळ अर्धीच राहायची. बाईंनी तयार केलेला रेणू त्या खुणेपाशी मणी पुरवून माळ पुढे नेतो का, हे पाहायचं होतं.

तेवढ्यात बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

त्यांच्या जागी आलेली मुलगी कामसू होती. तिने चौतीस पाहिले आणि सदतीस केले. आत चाळीस झाले. दोन बशांतल्या पेशी मेल्या.

"या रेणूनेच मारल्या," ती म्हणाली. "प्रयोग बंद करावा लागणार."

मला बोलता येत नाही.

त्याच दुपारी बाईंचे मिस्टर त्यांचा एप्रन न्यायला आले. माझा आकडा पाहून थबकले.

"सदतीस कुणी ठेवलं गं? जेवताना रोज याचंच पुराण ऐकलंय मी. याला चौतीसवर ठेवायचं."

"काका, हे कुठे लिहिलेलं नाही!"

"ती होती ना. लिहायचं कशाला?"

तिने आत दुसरा तापमापक ठेवून पाहिला, तर त्यावर चाळीस. मग मला चौतीसवर आणलं.

तिसरी बशी जगली. दहा दिवसांनी तिच्यात पूर्ण माळा सापडल्या. थोड्याच, पण पूर्ण. त्या सात वर्षांच्या मुलीपर्यंत औषध पोहोचायला अजून वर्षं लागतील. पण प्रयोग चालू आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. आणि त्यांच्या खोडी ज्याला ठाऊक आहेत, तो माणूस समोर आहे तोवर विचारून घ्या.