तारेतलं सिरीयस
सायकलरिक्षातून उतरून श्रीधरने ट्रंक खाली ठेवली आणि धरमपेठेतल्या आपल्या घराकडे पाहिलं. दारात माणसं नाहीत, कोणाचं रडणं नाही. अंगणातल्या नळावर आई बादली भरत होती, आणि तिच्या कपाळावर कुंकू होतं.

श्रीधरने टोपी खाली ओढली. भादरलेलं डोकं टोपीखाली होतं म्हणून तेवढं निभलं, पण काढलेली मिशी कशी झाकणार?

काल दुपारी भुसावळला तार आली होती, फादर सिरीयस, लवकर निघा. आता हा शब्द कोणाला नवा आहे? दवाखान्यात सिरीयस म्हणजे थोडी आशा धरा. तारेतलं सिरीयस म्हणजे तिरडी बांधली. गेलेल्याची तार गेला म्हणून करायची नाही, येणारा वाटेत खचतो, अशी आपली रीत. आजोबांच्या वेळी हेच, मामांच्या वेळीही हेच. रेल्वेच्या हापिसात झाडून सगळ्यांनी तार वाचली, खांद्यावर हात ठेवले आणि त्याला न्हाव्यापुढे नेऊन बसवलं. शेजारच्या गणपतरावांनी तारेत खरं तेच लिहिलं असेल, हे एका मेल्याच्या मनात आलं नाही. श्रीधरच्या तरी कुठं आलं?

आईने त्याच्याकडे पाहिलं. बादली वाहू लागली तरी तिला भान नव्हतं.

"काहून भादरलं गा? तुहा बाप जित्ता हाय."

बाप असताना मिशी काढायची म्हणजे त्याला जिवंतपणी जाळायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तसंच स्टेशनवर पळावं, मिशी फुटल्यावर तोंड दाखवावं, असंही श्रीधरच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात आतून वडिलांची, चंपतरावांची, क्षीण हाक आली, श्रीधर आला का म्हणून.

तो उपरण्याने तोंड झाकून खाटेशी बसला. सर्दी झाली म्हणाला. चंपतरावांनी हात लांब केला, उपरणं बाजूला सारलं आणि त्याच्या गुळगुळीत ओठावर बोटं ठेवली. बराच वेळ काढली नाहीत. त्यांनी शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं श्रीधरला वाटत होतं. शरमेने त्याची मान वर होईना.

"कालपासून जेवला नसशीन," चंपतराव म्हणाले. मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"अवं, पोराले वाढ. सुतकात उपाशी हाय थो."