चौतीसशेचा शिक्का

"हा घ्या, काका. नवा कोरा, पेटीबंद, तीन वर्षांची गॅरंटी," दुकानदाराने प्रोसेसरची चकचकीत पेटी काचेवर ठेवली.

दाजींनी पेटीला हातही लावला नाही. "याचा वेग वाढवता येतो का?"

"नाही. कंपनीनेच कुलूप घातलंय."

"मग ती गॅरंटी तुम्हालाच ठेवा. बिनकुलपाचा दाखवा."

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात अडतीस वर्षं मेकॅनिक होते. मी ग्रंथालयातला निवृत्त कारकून. दुकानात माझं काम एवढंच, की ते बोलतील तेव्हा शेजारी उभं राहायचं. तेवढंही मला नीट जमत होतं असं नाही.

पंपघरातला एक नंबरचा पंप भंगारात काढायचा ठरला होता. दाजींचं म्हणणं, पंप निकामी नाही. आतलं पाणी फेकणारं चाक तेवढं पात्यांचा कोन बदलून नवं ओतलं, की आणखी दहा वर्षं चालेल. नवे इंजिनिअर म्हणाले, "तोंडी काय कोणीही सांगेल. पाण्याचा प्रवाह संगणकावर मांडून दाखवा, मग बैठकीत ठेवतो." साहेबांना वाटलं, म्हातारा गप्प बसेल. पण निवृत्त झाल्यापासून दाजी तेच शिकत होते. मी पुस्तकातलं वाचून सांगायचो, ते संगणकावर करून बघायचे. अडचण एकच. घरच्या संगणकाने हिशोब सांगितला, एक्कावन्न दिवस लागतील. बैठक अठरा दिवसांवर.

आणि हाताशी पैसे होते ते दाजींच्या कवळीचे. वरचे दात सगळे काढून झाले होते, कवळीचं माप द्यायचं बाकी होतं. तेव्हापासून दाजी हसताना तोंडावर हात धरत.

दुकानदाराने आतून वापरलेला प्रोसेसर आणला. आठ कोरचा, कुलूप नसलेला. वेग वाढवू देणारा मदरबोर्डही सोबत होता, तोही जुनाच. "यावर वेग चौतीसशे मेगाहर्ट्झ छापलाय. वर चढवाल तर तुमच्या जबाबदारीवर. तापून मेला तर परत घेणार नाही."

"मेल्यावर मलाही कोण परत घेणार आहे?" दाजी म्हणाले. उरलेल्या पैशांत त्यांनी दुकानातला सगळ्यात जाडजूड कूलर घेतला. वाटेत मला म्हणाले, "मोटर जुनी असली तरी चालते, पुस्तकवाले. गारवा कमी पडता कामा नये."

घरी ताईने पिशवीत डोकावून पाहिलं. "ही कवळी?"

"हीच."

"दात नाहीत, पण चावायची हौस केवढी!" ती म्हणाली, आणि टेबल रिकामं करून दिलं.

दाजींनी कूलरचे चारही स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत आणले. पाइपाचा जोड आवळतात तसेच. यंत्र सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात बंद पडलं. पुन्हा तेच. दोन दिवस आम्ही वायरी तपासल्या. दाजी जेवायलाही उठेनात. "मारला मी त्याला," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कूलरसोबतची पत्रिका वाचताना मी एका ओळीवर थांबलो. "दाजी, प्रोसेसर आणि कूलरच्या मधे आपण कागद घातलाय ना?"

"मग? दोन धातूंच्या जोडात पॅकिंग नको?" जाड कागदाचं पॅकिंग त्यांनी आखलं होतं आणि मी कात्रीने बरोबर कापलं होतं. दोन्ही बाजूंना कूलरसोबत आलेली पेस्ट फासली होती. पंपात पाणी गळू नये म्हणून करतात तसंच.

"इथं काही गळत नाही. उष्णता वर जायला हवी. कागदाने वाटच अडवली. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, असं लिहिलंय."

दाजींनी पत्रिका घेऊन ती ओळ स्वतः वाचली. मग हसू फुटलं आणि हात तोंडावर गेला. "अडतीस वर्षांचं शहाणपण! काढा तो कागद."

प्रोसेसर जिवंत होता. पण छापलेल्या वेगाने काम एकोणीस दिवसांचं, आणि हातात राहिले सोळा. दाजींनी वेग चव्वेचाळीसशेला नेला. पडदा जागीच थिजला. त्रेचाळीसशेला दहा मिनिटं चालून थिजला. "पंप कण्हायला लागला की व्हॉल्व एक फेरा मागे घ्यायचा," म्हणत ते बेचाळीसशेवर आले. चालला. पंधरा दिवसांहून जास्त तो पंखा घरात घुमत होता. ताई टीव्हीचा आवाज वाढवायची, पण बंद करा असं एकदाही म्हणाली नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळी आकडे आले. दाजी बरोबर होते. मी छापून फाईल लावली.

बैठकीत दाजी उभे राहिले. दातांविना शब्द निसटत होते. इंजिनिअर शेजाऱ्याकडे बघून हसले. "आजोबा, कवळी बसवून या. मग बोलू."

माझी मान खाली गेली. दाजींची नाही.

"कवळीचे पैसे या कागदांत गेलेत, साहेब. आता कागद वाचा."

साहेबांनी पानं उलटली. सातव्या पानावर थांबले, मागे गेले, पुन्हा सातव्यावर आले. हसू केव्हाच गेलं होतं. फाईल मिटून म्हणाले, "पंप सोमवारीच उचलून नेला. तुम्ही हे करून आणाल असं वाटलं नव्हतं."

दाजींनी पिशवीत हात घातला. मग फाईलची दुसरी प्रत पुढे केली. "मिळाल्याची सही द्या. तारखेसकट."

सही घेतल्याशिवाय ते हलले नाहीत.

परतताना मला वाटलं, आता घरात काही दिवस कोणी बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर पंखा घुमत होता.

"आता तरी चौतीसशेवर आणा म्हणावं याला," ताई आतून म्हणाली. "काम संपलं ना?"

"संपलं कुठं? दोन नंबरचा पंप अजून जागेवर आहे," दाजी म्हणाले. "आणि बेचाळीसशे पेलतंय त्याला."

ते माझ्याकडे बघून हसले, तोंडभर. हात तोंडावर गेला नाही. तो कॅबिनेटवर होता, आतली थरथर बघत.