भाऊजींचं बिनचूक घड्याळ

आमचा धंदा कवळ्यांचा. ताई दात घडवते, भाऊजी ते घासून चकचकीत करतात, आणि मी हिशेब अन् कॉम्प्युटर सांभाळतो. कॉम्प्युटर तीन, मोडेम एक आणि फोनची लाइनही एकच. कोणत्याही कॉम्प्युटरनं बाहेरचं काही मागितलं की मोडेम आपणहून फोन लावायचा. ही सोय माझी, आणि मला तिचा भारी अभिमान.

पण मोडेम भलताच उत्साही निघाला. कोणी काही मागितलेलं नसताना दिवसभर किंचाळत फोन लावायचा. बिल बघून ताईचे डोळे पांढरे झाले. त्यात तिचं डोकं आधीच तापलेलं. लेक भांडून दुसऱ्या शहरात नोकरीला गेली होती, आणि महिना झाला तरी तिचा फोन नाही.

"तिला गरज नाही, तर मी कशाला करू?" असं म्हणायची आणि फोनकडे बघत बसायची. मग राग माझ्यावर. "तो डबा उद्या भंगारात!"

चोर सोडून संन्याशाला सुळी! माझं पित्तच खवळलं. मी एकेक कॉम्प्युटर बंद करत गेलो. भाऊजींचा बंद केला आणि मोडेम गप्प झाला.

"भाऊजी, काय घातलंय यात?"

"काही नाही रे, घड्याळ. सारखं बाहेर विचारून वेळ बरोबर करतं. सेकंदाची चूक नाही!"

हे कोण सांगतंय, तर जेवायला चार हाका मारल्याशिवाय न उठणारा माणूस.

घड्याळ काढा म्हटल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं. मलाच दया आली. मग मी मोडेमला शिस्त लावली: लाइन चालू असेल तर वेळ खुशाल विचारू दे, पण नुसत्या वेळेसाठी फोन लावायचा नाही.

दुपारी फोन वाजला. ताईनं उचलला. लेकीचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला.

"आई, रोज लावतेय मी! सारखा एंगेज! मला वाटलं, माझ्या रागानं तू रिसीव्हर काढून ठेवतेस."

ताईनं भाऊजींच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"नाही गं बाळा," ती म्हणाली, "तुझे बाबा जगाला वेळ विचारत होते."

मोडेम मध्येच किंचाळायला नको, म्हणून मी त्याची वायरच काढली. भाऊजी हात पुसत आले आणि ताईच्या मागे आपल्या पाळीची वाट बघत उभे राहिले.