गिबने आखलेली हिरवळ

माझा भाऊ गिल्बर्ट मेल्ड्रम, आमचा गिब, याने बावीस वर्षांत अकरा जमीनदारांना हवेल्या बांधून दिल्या आणि स्वतःसाठी कोंबड्यांचं खुराडंही बांधलं नाही. ज्याचं काम चालू असेल त्याच्या माळ्यावर झोपायचं, कारभाऱ्याबरोबर जेवायचं, काम संपलं की पेटी उचलायची. साहेबलोक त्याला आपल्या टेबलाशी बसवत नसत आणि गवंड्यांमध्ये बसायला त्याला आता जमत नसे. "म्हातारपणी इथंच येणार मी, एल्सी," असं तो दर नव्या वर्षाला सांगायचा. म्हणून किलमेरिन गावातल्या आमच्या वडिलांच्या घरात मागची खोली मी त्याच्यासाठी झाडूनपुसून ठेवायची. मी लग्न केलं नाही. भावाची वाट बघणं हाच हिचा संसार, असं शेजारणी म्हणायच्या. मला त्यांचा फार राग यायचा, कारण ते खरं होतं.

बारावी हवेली आमच्याच गावात निघाली, गावची सगळी जमीन ज्यांची त्या सर ह्यू डुरींची. गिब घरी राहायला आला. मी इतकी हरखले की ओटच्या भाकऱ्या रोज करपायच्या. एका सकाळी त्याने टेबलावर नकाशा पसरला. आमचे वडील गवंडी. वाळूत रेघा ओढून त्यांनी आम्हा दोघांनाही नकाशा वाचायला शिकवलं होतं. गिब ते विसरला असावा.

"ही हवेली, ही नदी," मी म्हणाले. "मधलं आपलं गाव कुठाय?"

"मध्ये हिरवळ आहे."

"गाव कुठाय म्हटलं मी!"

"दोन मैलांवर नवं बांधतायत. सर ह्यूंना दिवाणखान्यातून नदी दिसायला हवी."

"आणि म्हातारपणी तू कुठं झोपणार? नदीत?"

तो नकाशा गुंडाळायला लागला.

"अरे, हवेलीचं तोंड जरासं डोंगराकडं फिरव की. तुझ्याच तर हातात आहे."

"मग दर्शनी बाजू तिरकी येईल, एल्सी."

"येऊ दे! आपल्या बाबांचं तोंड जन्मभर तिरकं होतं, आईनं केलाच ना संसार?"

तेव्हा मात्र तो खळखळून हसला. चार दिवस बसून त्याने दुसरा नकाशा काढला. त्यात आमचं गाव होतं, आमच्या घराची चिमणीसुद्धा त्याने दाखवली होती. तो घेऊन गेला आणि जेवायच्या आत परत आला.

"सर ह्यू म्हणाले, एडिनबरात सरळ रेघा ओढणारे पुष्कळ आहेत."

"मग तू काय म्हणालास?"

त्याने टोपी खुंटीला अडकवली. "म्हणालो, मीही सरळच ओढतो."

मी आरडाओरडा केला नाही. "मागच्या खोलीतली तुझी पेटी आजच्या आज ने," एवढंच म्हणाले. ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

वसंतात गाव पाडलं. शेजारणी कोणी डंडी शहरात कामाला गेल्या, कोणी मुलांकडे. मला नव्या गावात एक खोली मिळाली. तिथं भिंतीपलीकडून कोणी हाक मारत नाही. तीन वर्षं गिब आला नाही आणि मीही त्याला बोलावलं नाही.

हवेली पुरी झाली तेव्हा सर ह्यूंनी एक दिवस कुळांना आत फिरू दिलं. मी गेले. गिब जिन्यापाशी उभा होता, केस पार पिकलेले. त्याने न बोलता मला वरच्या खिडकीशी नेलं. खाली नदीपर्यंत नुसतं गवत होतं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू?

"आपलं दार कुठं होतं रे?" मी विचारलं.

"ते काय, त्या मेंढीपाशी." मेंढी चरत पुढं गेली. "नाही, तिच्या जरा मागं. की डावीकडं..." त्याचं बोट हवेतच थांबलं. इंचाइंचाचा हिशेब तोंडपाठ असलेला माझा भाऊ, आणि त्याला आमचं दार सापडेना.

तो धावतच खाली गेला. गवतात एका जागी उभा राहायचा, वर माझ्याकडं बघायचा, मग दुसरीकडं जायचा. मलाही काही ओळखू येत नव्हतं. शेवटी त्याची दया आली. मी हात उंचावून ओरडले, "हो, तिथंच!" ते खोटं होतं. त्याने टोपी काढली आणि तो तिथंच मटकन खाली बसला.

शेजारच्या खिडकीत सर ह्यू पाहुण्यांना नदी दाखवत होते. एका बाईंनी विचारलं, मधोमध तो कोण बसलाय?

सर ह्यूंनी डोळे बारीक करून पाहिलं. "असेल कोणी गावातला," ते म्हणाले आणि त्याला उठवायला माणूस पाठवला.

मी त्या माणसाच्या आधी जिना उतरले.